साखरेची नळी हिरवी आली, तर फाइलमध्ये काय लिहायचं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तू इंदुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहेस. प्रोजेक्टसाठी घरची साखर, गूळ, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या जिलबीचा पाक आणि दूध असे चार नमुने घेतलेस. शनिवारी द्रावणं केलीस आणि सोमवारी बेनेडिक्टची परीक्षा लावलीस, म्हणजे तांब्याचं निळं द्रावण घालून नळी तापवायची आणि रंग बघायचा. एकच ड्रॉपर नळाखाली धुऊन चारही नमुन्यांना वापरलास. क्रम होता गूळ, पाक, दूध आणि शेवटी साखर. पहिल्या तीन नळ्या पिवळ्या ते विटकरी झाल्या. पण साखरेची नळीही हिरवी झाली, आणि पुस्तक तर सांगतं की ती निळीच राहायला हवी. मार्गदर्शक म्हणाले, ‘निळी आली असं लिहून टाक.’ तुला ते पटत नाहीये.

पटत नाहीये हे फार चांगलं आहे. नळी हिरवी आली, तर फाइलमध्ये हिरवी लिही. तीस वर्षं मी याच शहरात प्रॅक्टिकल्स घेतली, आणि मुलांनी पुस्तकातला रंग बघून लिहिलेल्या शेकडो फाइली तपासल्या. त्यांत शिकण्यासारखं काही नसे. ज्या दोन-चार फाइलींत ‘रंग वेगळा आला, कारण शोधलं’ असं लिहिलेलं असे, त्या मला अजून आठवतात. पण नुसतं हिरवी लिहून भागणार नाही. हिरवी का आली ते शोधावं लागेल, आणि ते दोन तासांत होण्यासारखं आहे.

आधी ही परीक्षा काय विचारते ते नीट बघू. तांब्याला इलेक्ट्रॉन देणाऱ्या, म्हणजेच त्याचं क्षपण करणाऱ्या साखरेला मराठीत आपण ‘क्षपणकारी शर्करा’ म्हणतो. तुमच्यापैकी बरेचजण हिंदी माध्यमातून आलेले असतात, त्यांना हीच ‘अपचायी शर्करा’ म्हणून माहीत असते. बेनेडिक्टच्या द्रावणात दोन धन प्रभाराचं तांबं असतं, म्हणून ते निळं दिसतं. गरम अल्कलीत ग्लुकोजचं वलय उघडतं, त्याचा अल्डिहाइड गट मोकळा होतो आणि तांब्याला एक इलेक्ट्रॉन देतो. तांबं एक धन प्रभाराचं होतं आणि क्युप्रस ऑक्साइड म्हणून लालसर साक्याच्या रूपात खाली बसतं. फ्रुक्टोजमध्ये अल्डिहाइड नसून कीटोन असतो, पण अल्कलीत फ्रुक्टोजचं काही अंशी ग्लुकोज आणि मॅनोज होतं, त्यामुळे तीही ही परीक्षा देते. हे मुलं हमखास विसरतात आणि व्हायवात अडकतात.

आपली रोजची साखर म्हणजे सुक्रोज. तिच्यात ग्लुकोजचा पहिला कार्बन फ्रुक्टोजच्या दुसऱ्या कार्बनला जोडलेला असतो. म्हणजे दोघांचीही क्षपण करणारी टोकं एकमेकांत अडकलेली. वलय उघडायला जागाच नाही. लॅक्टोज (दुधातली साखर) आणि माल्टोज यांचं एक टोक मोकळं असतं, म्हणून त्या क्षपण करतात. पुस्तकाचं म्हणणं शुद्ध सुक्रोजबद्दल बरोबरच आहे. पण तुझ्या नळीत शुद्ध सुक्रोज होतं का, हे पुस्तकाला कुठून कळणार? बेनेडिक्टला ‘ही साखर आहे का?’ असं आपण विचारतच नसतो. आपण विचारतो, ‘या नळीत तांब्याला इलेक्ट्रॉन देणारं काही आहे का?’ उत्तर आलं, आहे. ते कुठून आलं, एवढंच शोधायचं आहे.

इथे थोडा हिशेब कर. तू लिहिलंस की द्रावण एक टक्क्याचं होतं. बेनेडिक्टमध्ये हिरवा रंग दिसायला नमुन्यात साधारण ०.१ टक्का ग्लुकोज लागतं. म्हणजे एक टक्का साखरेच्या द्रावणात हिरवा रंग यायचा, तर दहावा हिस्सा साखर फुटलेली असायला हवी. घरच्या पांढऱ्या दाणेदार साखरेत क्षपणकारी शर्करा अगदी नगण्य असतात, त्यामुळे ‘साखरच अशुद्ध असेल’ हे उत्तर इथे टिकत नाही. दोष दुसरीकडे आहे, आणि मला दोन जागांवर संशय आहे.

पहिली जागा ड्रॉपर. परीक्षेसाठी आपण ५ मिलिलिटर बेनेडिक्टमध्ये ८ थेंब, म्हणजे अर्धा मिलिलिटरच्या आतबाहेर नमुना घालतो. ०.१ टक्क्याच्या हिशेबाने त्यात अर्धा मिलिग्रॅम ग्लुकोज झालं की रंग बदलतो. आता समजा, तुझ्या पाकात १० टक्के क्षपणकारी शर्करा होती. पाकाच्या एका थेंबात, म्हणजे ०.०५ मिलिलिटरमध्ये, ५ मिलिग्रॅम झाल्या. लागतात त्याच्या दहापट! ड्रॉपरच्या रबरी फुग्यात पाक चढला असेल, तर नळाखाली एकदा विसळून तो जात नाही. दर नमुन्याला वेगळा ड्रॉपर घे. तेवढे नसतील, तर क्रम उलटा लाव. ज्यात काहीच अपेक्षित नाही तो नमुना आधी आणि सर्वांत गोड, चिकट तो शेवटी.

दुसरी जागा म्हणजे शनिवार ते सोमवार. यावर माझा स्वतःचा अनुभव सांगते. एका एप्रिलमध्ये आमच्या वर्गातल्या सगळ्या मुलांच्या सुक्रोजच्या नळ्या हिरव्या-पिवळ्या आल्या. मुलं घाबरली. परीक्षक यायला आठवडा राहिला होता. आम्ही बेनेडिक्ट नवं केलं, नळ्या बदलल्या, तरी तेच. मग मी सुक्रोजची बाटली खिडकीशी उजेडात धरली, तर तळाशी पुसट ढगासारखं काहीतरी हलत होतं. द्रावण शुक्रवारी केलेलं होतं आणि दोन दिवस बंद, तापलेल्या खोलीत राहिलं होतं. त्यात यीस्ट वाढलं होतं. यीस्टकडे इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं, ते सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. ताजं द्रावण केलं, ती नळी निळीच राहिली. तेव्हापासून माझ्या प्रयोगशाळेत सुक्रोजचं द्रावण त्याच सकाळी व्हायचं, आणि बाटलीवर तारीख नसेल तर ती ओतून टाकायची.

जिलबीच्या पाकाबद्दल तू ‘अपेक्षितच होतं’ असं लिहून पुढे गेलीस, पण तुझ्या प्रोजेक्टचा जीव तिथेच आहे. पाक तर साखरेचाच, मग तो विटकरी का आला? सकाळी पोहे-जिलबी घ्यायला जाशील तेव्हा कारागिराला विचार, पाकात लिंबू पिळतो का. बहुतेक पिळतो, किंवा लिंबाचं फूल (सायट्रिक आम्ल) टाकतो. पाक गार झाल्यावर दाणा धरू नये म्हणून. आम्लात उकळताना सुक्रोज फुटतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, आणि या मिश्रणामुळे सुक्रोजचे स्फटिक सहज जमत नाहीत. या मिश्रणाला इन्व्हर्ट शुगर म्हणतात. सुक्रोज ध्रुवित प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवतं, त्याचं विशिष्ट वलन अधिक ६६.५ अंश, फुटल्यावर मिश्रण ते डावीकडे, सुमारे उणे २० अंश वळवतं. दिशा उलटते म्हणून ते नाव. जे कारागीर कढईपाशी करतो तेच तू परीक्षानळीत कर: सुक्रोजच्या ५ मिलिलिटर ताज्या द्रावणात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकून पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेव, गार कर, मग चिमूट चिमूट सोडियम कार्बोनेट टाक, फसफसणं थांबेपर्यंत. त्यानंतर बेनेडिक्ट. विटकरी येईल. फसफसणं थांबायच्या आधीच बेनेडिक्ट ओतलंस, तर उरलेलं आम्ल त्यातलाच कार्बोनेट खाऊन टाकेल, अल्कली उरणार नाही आणि परीक्षा फसेल. सुक्रोज ओळखण्याची खरी खूण हीच आहे: आधी नाही, आम्लात उकळल्यावर हो.

आता नळ्या कशा लावायच्या ते सांगते. एकाच वेळी, एकाच पाण्याच्या भांड्यात चार नळ्या. पहिलीत बेनेडिक्ट आणि ऊर्ध्वपातित पाणी. ही कोरी नळी. दुसरीत बेनेडिक्ट आणि ०.१ टक्का ग्लुकोज, म्हणजे हिरवा रंग नेमका कसा दिसतो ते डोळ्यांसमोर राहतं. तिसरीत साखरेचं ताजं द्रावण, नव्या ड्रॉपरने. चौथीत तुझं शनिवारचं जुनं द्रावण, तेही नव्या ड्रॉपरने. पाच मिनिटं उकळत्या पाण्यात. कोरी नळी हिरवी झाली, तर दोष बेनेडिक्टचा किंवा नळ्यांचा. ताजी निळी आणि जुनी हिरवी, तर दोष शनिवार-सोमवारचा. ताजी, जुनी दोन्ही निळ्या, तर ड्रॉपरनेच घोळ केला होता. आणि ताजी हिरवी झाली, तर मला लगेच कळव, कारण मग तुझ्या साखरेच्या डब्यात खरंच काहीतरी आहे. कोऱ्या नळीला मुलं फार कमी लेखतात, कारण तिच्यात ‘काही होत नाही’. मी मात्र कोऱ्या नळीवाचून केलेल्या परीक्षेला मार्क देत नसे. वरवर हे कठोर वाटेल, पण दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनी आजही सांगतात की तीच सवय उपयोगी पडली.

काही छोट्या गोष्टी. द्रावणाला नळाचं पाणी नको. बोअरिंगच्या जड पाण्यातलं कॅल्शियम बेनेडिक्टमधल्या कार्बोनेटबरोबर पांढरट गढूळपणा आणू शकतं आणि निळ्यात पांढरं मिसळलं की घाईत ते हिरवट वाटतं. नळी थेट ज्योतीवर धरू नकोस, अल्कलीचं द्रावण उसळून अंगावर येतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, पण या परीक्षेला तेवढ्याने काही फरक पडत नाही. रंग लगेच वाचू नकोस, नळी पाच मिनिटं स्टँडमध्ये उभी ठेव. हिरवा रंग हा वेगळा पदार्थ नसतो. निळ्या द्रावणात पिवळा साका तरंगतो म्हणून हिरवं दिसतं. साका खाली बसला की तळाशी पिवळसर थर दिसायला हवा. थर नसेल, तर त्या हिरव्यावर शंका घे.

बेनेडिक्ट विकतचं असो वा घरचं केलेलं, आधी ते एकटंच उकळून बघ, स्वच्छ निळं राहिलं पाहिजे. करायचं असेल तर एका लिटरला १७३ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १०० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट कोमट पाण्यात विरघळवून गाळायचं, १७.३ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) वेगळं विरघळवून ते ढवळत ढवळत हळूहळू ओतायचं. सायट्रेट तांब्याला धरून ठेवतं, नाहीतर अल्कलीत तांब्याचा साका आधीच बसला असता. फेहलिंगचं द्रावण याच कामाचं, पण जुनं; त्यात हेच काम टार्टरेट करतं, पण तिथे अल्कली सोडियम हायड्रॉक्साइडसारखी तीव्र असते. म्हणून फेहलिंगच्या दोन बाटल्या, ए आणि बी, वेगळ्या ठेवून ऐन वेळी मिसळाव्या लागतात. फेहलिंगची परीक्षा १८४९ सालची, बेनेडिक्टने तिच्यात सुधारणा केली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि एका बाटलीत टिकणारं द्रावण मिळालं. प्रोजेक्टसाठी मी बेनेडिक्टच सुचवेन. पाकात नेमक्या किती टक्के क्षपणकारी शर्करा आहेत हे काढायचं असेल तर मात्र फेहलिंग लागेल. मेथिलीन ब्लू दर्शक घेऊन केलेलं १९२३ सालचं लेन आणि आयनन यांचं टायट्रेशन साखर उद्योगात आजही चालतं. पहिल्या वर्षाला ते थोडं जड आहे, पण जमलं तर अवश्य कर.

गुळाचं सोपं आहे. त्यात साधारण ५ ते १५ टक्के क्षपणकारी शर्करा असतात, कारण रस उकळताना काही सुक्रोज फुटतंच. फक्त गुळाचा स्वतःचा तपकिरी रंग साक्याला झाकतो, म्हणून द्रावण एक टक्क्याहून दाट करू नकोस.

दुधात थोडं थांबायला हवं. त्यातली साखर लॅक्टोज, साधारण पावणेपाच टक्के. दूध तसंच घातलंस तर प्रथिनं मध्ये येतात, तीही तांब्याशी जोडली जातात आणि रंग जांभळट करतात. म्हणून थोडं दूध कोमट करून व्हिनेगरच्या थेंबांनी नासव, गाळ, आणि वर आलेली निवळी सोडियम कार्बोनेटने उदासीन करून दसपट पातळ कर. आता बेनेडिक्ट स्वच्छ येईल. पण ते फक्त ‘क्षपणकारी’ एवढंच सांगेल, ग्लुकोज की लॅक्टोज हे सांगणार नाही. त्यासाठी बार्फोडची परीक्षा. त्याचं द्रावण म्हणजे तांब्याचं असिटेट आणि थोडं असिटिक आम्ल. आम्लात क्षपण मंद होतं, त्यामुळे ग्लुकोज, फ्रुक्टोजसारख्या एकशर्करा तीनेक मिनिटांत बारीक लाल साका देतात आणि लॅक्टोजसारख्या द्विशर्करा तेवढ्यात देत नाहीत. जास्त वेळ उकळलंस तर त्या याच आम्लात फुटून शेवटी साका देतातच. म्हणून बार्फोडला घड्याळ लावूनच बसायचं. साका इतका थोडा असतो की नळी काळ्या कागदासमोर तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. मी निवळी गाळून लगेच बार्फोडला घेण्याची सवय ठेवली होती, कारण निवळी उघडी राहिली की जिवाणू तिच्यावर काम सुरू करतात. मूत्रात ही परीक्षा चालत नाही, क्लोराइड अडथळा आणतं.

मूत्राचा विषय निघालाच म्हणून सांगते. माझे वडील मधुमेही होते. १९७०च्या दशकात आमच्या रामबागेतल्या घरी मोरीजवळच्या कोनाड्यात बेनेडिक्टची बाटली, स्पिरिटचा दिवा आणि लाकडी चिमटा असे. वडील सकाळी नळी गरम करत आणि आई कॅलेंडरवर रंग लिहून ठेवी: निळा, हिरवा, पिवळा. एकदा ते सर्दीसाठी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज घेत होते, तेव्हा आठवडाभर नळी हिरवी आली आणि घरात काळजी पसरली. डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या, नळी पुन्हा निळी झाली. क जीवनसत्त्वही तांब्याचं क्षपण करतं. युरिक आम्ल, क्रिएटिनिन हेही थोडंफार करतात. आजच्या मूत्र तपासायच्या पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असतं, ते फक्त ग्लुकोजच ओळखतं. पण ज्या बाळाला गॅलॅक्टोज पचत नाही, त्याच्या मूत्रातलं गॅलॅक्टोज पट्टीला दिसत नाही आणि बेनेडिक्टला दिसतं. ढोबळ परीक्षेचं हे मोल मला फार वाटतं. कुणी विचारलं की पट्ट्या असताना हे जुनं द्रावण का शिकायचं, तर मी त्या बाळाचं उदाहरण देते.

बेनेडिक्ट एक क्षपणकारी शर्करा दुसरीपासून वेगळी काढत नाही, याच कारणाने मधाच्या भेसळीबद्दल सावध राहा. तुझ्या मैत्रिणीला मधावर प्रोजेक्ट करायचा आहे असं तू लिहिलंयस. मधात साधारण ३८ टक्के फ्रुक्टोज आणि ३१ टक्के ग्लुकोज असतं, आणि भेसळीला वापरतात त्या इन्व्हर्ट सिरपमध्येही तेच दोन असतात. दोन्ही नळ्या सारख्याच विटकरी होतील. बेनेडिक्टने मध खरा की खोटा हे ठरवता येतं असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

शर्करा फेनिलहायड्रॅझिनबरोबर तापवून मिळणारे ओसाझोनचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली फार सुंदर दिसतात: ग्लुकोजचे पिवळ्या सुयांच्या झाडूसारखे, लॅक्टोजचे कापसाच्या गोळ्यासारखे, माल्टोजचे सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे. पण ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज तिघांचं ओसाझोन एकच येतं, आणि फेनिलहायड्रॅझिन विषारी आहे. हातमोजे, धूर ओढणारं कपाट आणि शिक्षक जवळ असल्याशिवाय त्याला हात लावू नकोस. टोलेन्सच्या परीक्षेत तांब्याऐवजी चांदीचं द्रावण असतं आणि नळीत चांदीचा आरसा धरतो; तो करायचा मोह सगळ्यांना होतो. करायचाच असेल तर प्रयोगशाळेतच कर, द्रावण ताजं कर, लागेल तेवढंच कर, आणि उरलेलं लगेच सौम्य नायट्रिक आम्लाने नष्ट कर. ते ठेवून दिलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. घरी अजिबात नाही.

आता फाइल. मार्गदर्शकांशी वाद घालू नकोस. चार नळ्या लावून त्यांना दाखव, डोळ्यांनी बघितलं की बहुतेकजण मानतात. फाइलमध्ये सोमवारचं निरीक्षण आहे तसं ठेव: ‘सुक्रोज १ टक्का, द्रावण दोन दिवसांचं, ड्रॉपर सामाईक, रंग हिरवा.’ त्याखाली नवी तारीख घालून चारही नळ्यांचे रंग लिही, कोऱ्या नळीसकट. आधीच्या ओळीवर काट मारू नकोस. उरलेली तांब्याची द्रावणं बेसिनमध्ये ओतू नकोस, प्रयोगशाळेतल्या डब्यात जमा कर. आणि जुन्या द्रावणाची नळी कोणत्या रंगाची आली ते मला नक्की कळव. माझा कौल ड्रॉपरला आहे, पण ती बाटली उजेडात धरून बघितल्याशिवाय मी पैज लावणार नाही.